शेवटची वेणी

शनिवारी दुपारी प्रिस्का लातूरला पोचली, तेव्हा तिची आई सगुणाबाई पायरीवर बसून एका मुलीचे केस विंचरत होती. आणखी तिघी भिंतीला टेकून आपला नंबर लागण्याची वाट पाहत होत्या आणि वाट पाहताना भौतिकशास्त्राच्या नोट्स पाठ करत होत्या. चर्चला लागून असलेल्या त्या बोळात पूर्वी बिऱ्हाडं राहत. क्लासेसचं पीक आल्यापासून प्रत्येक घरावर मजला चढला होता आणि प्रत्येक मजल्यावर कुठल्या ना कुठल्या गावची मुलगी डॉक्टर व्हायला येऊन राहिली होती.

"आलीस? चहा ठेव," सगुणाबाई म्हणाल्या. "माझे हात तेलाचे आहेत."

"आजी, दुखतंय की हो!" उदगीरची रुद्राणी कळवळली.

"दुखणारच. आठ दिवस डोक्याला फणी नाही. लोकांच्या नाड्या तपासणार म्हणे, आणि स्वतःच्या डोक्यात उवा."

भिंतीपाशी बसलेली सुमय्या खुदकन हसली.

"तू नको हसू गं, हदगाववाले. तुझ्या डोक्यातही मला पाव्हणे दिसून राहिलेत."

प्रिस्काने चहा केला, सगळ्यांना दिला आणि आपला कप घेऊन दारात उभी राहिली. नांदेडच्या कॉलेजात ती मराठी शिकवायची. महिन्यातून एकदा यायची, औषधं आणायची, लाइटबिल बघायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची.

"थांब जरा," आई मान वर न करता म्हणाली. "तुझंही करते, शेवटी."

"माझे केस आहेत कुठे?"

"तेल तरी लावते."

"साडेपाचची बस आहे, आई."

दर महिन्याला हे असंच बोलणं व्हायचं, शब्दही फारसे बदलायचे नाहीत. सगुणाबाईंनी रुद्राणीच्या वेणीला रिबीन बांधली. "पोचलीस की फोन कर," म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला ओढून समोर बसवलं.

दुसरा दिवस रविवार, चर्चमध्ये प्रभुभोजनाचा होता. मंडळी घरी गेल्यावर सगुणाबाईंनी नेहमीप्रमाणे द्राक्षारसाचे इवलेसे पेले धुतले, पुसले, पांढऱ्या फडक्यावर पालथे मांडले आणि तिथल्या स्टुलावर बसल्या. कपाटाची किल्ली मागायला गेलेल्या पाळकसाहेबांना त्या तशाच बसलेल्या दिसल्या.

दफनविधी झाला. लोकांनी सगुणाबाईंबद्दल जे सांगायचं ते सांगितलं, आणि प्रिस्काने ते ऐकून घेतलं. ती रडली नाही. पुढच्या शनिवारी संध्याकाळी स्मरणाची उपासना ठरली आणि पाळक शांतवन साळवे तिच्याकडे आले.

"तुम्ही बोलावं असं मंडळीला वाटतं. उपदेश करणं हे देवाने दिलेलं कृपादान आहे, शिकवणं आहे, तशीच सेवाही आहे. आम्ही गाणाऱ्यांचं कौतुक करतो, बोलणाऱ्यांचं करतो. बाईंचं कधी केलं नाही. त्यांना ते दान मिळालेलं होतं."

"दुसऱ्या कुणाला सांगा, साहेब."

"सांगेन की. त्यांची साक्ष द्यायला अर्धं लातूर उभं राहील. पण घरची साक्ष घरच्यांनीच द्यायची असते."

प्रिस्काने तीन पानं लिहिली. वाक्यं नीट होती. वाचून पाहिली तर एकही तिच्या आईबद्दल नव्हतं. दान म्हणजे जे कुणालातरी मिळतं ते. आईच्या या दानातून घराच्या वाट्याला काय आलं, असं कुणी विचारलं असतं तर तिच्यापाशी एकच उत्तर होतं, आणि ते उपासनेत सांगण्यासारखं नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा ती बारा वर्षांची होती. गणपती बुडवून गावं झोपली होती ती पहाटे ढिगाऱ्याखाली गेली. दुपारी चर्चची जीप किल्लारीकडे निघाली. मिशनच्या दवाखान्यात आया असलेल्या सगुणाबाई तिच्यात चढल्या. "दोन दिवसांत येते," म्हणाल्या आणि आल्या तेव्हा चर्चवर नाताळची चांदणी टांगायचं काम चाललं होतं. तोवर कमरेपर्यंतच्या केसांचं काय करायचं हे ना प्रिस्काला कळलं ना तिच्या वडिलांना. केसांचा गुंता झाला, मग जटा झाल्या, शाळेत बाई बोलल्या. शेवटी वडिलांनी कापड कापायच्या कात्रीने मानेपासून सगळे उतरवले. आई आली, तिने त्या डोक्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. प्रिस्का एक पाऊल मागे सरली. झालं ते एवढंच. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. केस मात्र पुन्हा वाढले नाहीत, कारण प्रिस्काने ते वाढू दिले नाहीत.

उपासनेच्या शनिवारी चारच्या सुमाराला मुली येऊन पायरीवर बसल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. शनिवार होता म्हणून त्या आल्या, आणि आल्यावर काय करायचं ते न कळून गप्प बसल्या. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी नऊवारीतली एक म्हातारी दिसली. हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी.

"सगुणाबाईचं घर हेच न्हवं? मी धुरपताबाई. किल्लारीकडली. ती गेल्याचं कळलं तशी आले. तुमच्या आईनं भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात माझं केलं होतं समदं." तिने प्रिस्काला आपादमस्तक न्याहाळलं. "तू प्रिस्का. लई सांगायची तुझं." मग मुलींकडे पाहून, "ह्या का अशा बसल्यात? कुणाचं लगीन हाय का?"

"आजी वेणी घालायच्या आमची," सुमय्या म्हणाली.

"मंग फणी कुठं हाय?"

प्रिस्काने आतून आईची लाकडी फणी आणि तेलाची बाटली आणली. धुरपताबाई पायरीवर ऐसपैस बसली आणि रुद्राणीचं डोकं तिने आपल्या गुडघ्यांत धरलं.

"तेव्हा आमच्या डोक्यात काय न्हवतं बाई? माती, चुना, पाला. सरकारनं अन्न दिलं, कपडे दिले, पत्रे दिले. केसाची कुणाला याद? तुझ्या आईला आली. एकेकीला बशिवती अन् घंटाघंटा माती काढती. मी न्हाई बसले. माझी लेक गेलती. तिची वेणी मीच घालायची रोज. मी म्हनलं, हात लावशील तर बघ."

"मग?" सुमय्याने विचारलं.

"मंग काय. तिनं फणी माझ्या हातात दिली, माझ्याकडं पाठ केली अन् खाली बसली. म्हनली, धुरपता, माझे केस लई गुंतलेत, तूच सोडव. मी सोडवत गेले अन् रडत गेले. ती मुकाट बसली, मान बी हलवली न्हाई. दुसऱ्या दिशी मी बसले तिच्याम्होरं."

प्रिस्का लिहिलेली पानं हातात घेऊन दारात उभी होती. आई खाली बसली आहे आणि दुसरं कुणी तिचं करतं आहे, असं दृश्य तिने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. देणाऱ्यांबद्दल तिने पुष्कळ वाचलं होतं. समोरच्याच्या हातांना काम हवं आहे हे ओळखून आपण घेणारं व्हायचं, हे तिच्या तीन पानांत कुठे नव्हतं.

रुद्राणी उठली, सुमय्या बसली.

"तिची एक खोड होती पण," धुरपताबाई फणी चालवत म्हणाली. "जी लई रडायची तिला शेवटी बशिवायची. मला बी शेवटी. मी भांडले एकदा. म्हनलं, मीच का गं मागं? तर म्हनती कशी, शेवटच्या डोक्याला घाई नसती धुरपता. मागं कुनी थांबलेलं नसतं. किती बी येळ बसता येतं." ती हसली. "म्हनायची, घरी गेले की लेकीला बी अशीच बशिवणार हाय. समद्यांचं उरकून. शेवटी."

हातातली पानं प्रिस्काने दुमडली, आणखी एकदा दुमडली.

चर्चची पहिली घंटा झाली. लोक समोरच्या फाटकातून आत जाऊ लागले. तिसरीची वेणी झाली, चौथीची झाली. मुली ओढण्या सावरत उठल्या, पण गेल्या नाहीत. धुरपताबाईने फणीतले केस काढले, बोटाला गुंडाळले आणि पायरी रिकामी झाल्यावर वर पाहिलं.

"तुझं ऱ्हायलं की गं. पर केस कुठं हायत तुला? एवढ्याशाची कसली वेणी?"

दुसरी घंटा झाली. पाळकसाहेब झगा सावरत चर्चच्या दारात आले. त्यांच्यामागे पाचसहा लोक बोळाकडे बघत उभे राहिले.

"प्रिस्काताई, सगळे थांबलेत. तुमच्यापासूनच सुरुवात आहे."

"येते, साहेब," प्रिस्का म्हणाली.

तिने दुमडलेली पानं दाराच्या कडीत खोवली. चपला काढल्या. मग ती पायरी उतरली, धुरपताबाईकडे पाठ करून खाली बसली आणि तिने मान मागे टेकवली. थंडगार तेल टाळूवर पडलं. चर्चच्या दारातल्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, वर्गात बोलायची तशा स्वच्छ आवाजात ती म्हणाली,

"आई, माझी वेणी घाल. मी थांबलेय."