मार्तीना घंटेचा आवाज

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे भंगारातली नव्हे हं! माझा रीतसर बाप्तिस्मा झालाय आणि माझं नाव आहे मार्तीना. आज मी दुबईतल्या एका इटालियन रेस्टॉरंटच्या स्टोअररूममध्ये, टोमॅटोच्या डब्यांना टेकून पडले आहे. पण माझं माहेर फार लांब आहे.

इटलीत द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांवर कास्तेल व्हिनेता नावाचं गाव आहे. गाव एवढंसं, पण देवळं तीन. चर्चला देऊळ म्हणायला मला इथल्या एका वेटरने, बाप्टिस्टने शिकवलं. त्याच्या वसईत तसंच म्हणतात. सगळ्यात वरचं देऊळ संन्याशांनी बांधलेलं. गावातली पहिली वेल त्यांनीच लावली म्हणे. वेशीवरचं छोटं देऊळ संत रोकचं. प्लेगातून जी माणसं वाचली, त्यांनी नवस फेडायला ते उभारलं. आणि चौकातलं संत मार्टिनचं देऊळ, ते माझं. त्याच्या सणाला नव्या वाइनची पिंपं उघडत, म्हणून गावाचा जीव त्याच्यावर जरा जास्तच!

त्याच देवळाच्या अंगणात खड्डा खणून मला ओतलं. बायकांनी घरातली तांब्याची पातेली वितळवायला आणून दिली. माझा पहिला टोल पडला तेव्हा त्या आपापल्या पातेल्याचा आवाज ओळखल्यासारख्या हसल्या आणि मग रडल्या.

मळ्यात जायला, जेवायला, सांजेच्या प्रार्थनेला मी हाक मारायची. गारांचे ढग दिसले की घंटेवाला धापा टाकत जिना चढे आणि मला वाजवत सुटे. गारा काही मला भीत नव्हत्या, खरं सांगते; पण माणसांना धीर यायचा. युद्धात तोफा ओतायला घंटा नेऊ लागले, तेव्हा गावाने मला द्राक्षांच्या चोथ्याखाली लपवलं. नंतर कितीतरी दिवस अंगाला आंबूस वास येत होता. मी तोंड वाकडं केलं नाही.

मग तरुण मुलं शहरांत गेली. भूकंपात माझा मनोरा कलला आणि तो सावरायला गावात हात उरले नव्हते. संत रोकच्या भिंतींवरची चित्रं ओलीने गळून गेली. वरच्या देवळाला कुलूप लागलं. मला एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने उचललं. दुबईच्या जबल अली बंदरात मी बोटीतून उतरले, रास अल खोरच्या गोदामात धूळ खाल्ली आणि शेवटी या रेस्टॉरंटच्या दाराशी शोभेला लटकले. आतला लोलक काढून टाकला होता. जीभ नसलेली बाई काय बोलणार?

तिथे मला बाप्टिस्ट भेटला. वेटर, वसईचा. वाकून त्याने मला पाहिलं, कपाळाला हात लावून क्रूस केला आणि दुसऱ्या दिवशी कुठूनतरी एक लाकडी मोगरी घेऊन आला.

त्याची आई वसईत, त्याच्या बहिणीकडे, रोझकडे होती. आईला सगळं विसरायला झालं होतं. रोझचा फ्लॅट देवळापासून दूर, त्यामुळे सांजेची घंटा ऐकू येत नसे. मग बाप्टिस्ट अजून घरी कसा आला नाही म्हणून आई घाबरीघुबरी होऊन दार उघडायला धावे. वसईत सांज झाली की इथे रेस्टॉरंट उघडायच्या आधीची रिकामी वेळ असते. तेव्हा बाप्टिस्ट फोन माझ्याजवळ धरी आणि मोगरीने हलकेच टोल देई. एक टोल विरला की मगच दुसरा. पलीकडून म्हातारी शांतपणे "नमो मारिया" ही प्रार्थना म्हणू लागे.

"बाप्टी देवळात आहे," ती रोझला सांगे. "आता येईल जेवायला."

बाप्टिस्टला खरंच घरी जायचं होतं हो. पण मॅनेजर विन्स्टन म्हणाला, "अरे, सीझन पीकवर आहे. ख्रिसमस होऊ दे, मग खलास, तुला सोडतो. प्रॉमिस." विन्स्टन मुंबईचा, स्वतः कॅथलिक. वाईट नव्हता, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

ख्रिसमस आला आणि माझा काळ आला. माझ्या काठाला तारेने दिव्यांची माळ करकचून आवळली. शेजारी लोखंडी हातोडी टांगली आणि पाटी लावली : जेवण आवडलं? घंटा वाजवा!

बाप्टिस्ट मॅनेजरकडे गेला. "सर, घंटेला असं आवळून मारत नाहीत. आमच्याकडे घंटेला उगाच कोणी हातसुद्धा लावत नाही. फुटेल ती."

"एवढी जाडजूड आहे, तिला काय धाड भरलीय? यल्ला, चल, टेबलं बघ."

तो तार सोडवायला लागला होता. तेवढ्यात टेबलांकडून पुन्हा हाक आली आणि तो गेला. एका वाढदिवसाची मंडळी दाराशी जमली होती. "अगेन, डॅडी, अगेन!" बाप हातोडी घालत राहिला. आणि मला कळलं. आत काहीतरी फाटलं.

दुसऱ्या दिवशी सांजेला बाप्टिस्टने फोन धरला आणि टोल दिला. खण्ण! फुटक्या मडक्यासारखा आवाज. लाजेने मेले मी.

पलीकडून म्हातारी म्हणाली, "बाप्टी, घंटा आजारी आहे का रे?"

"हो, आई."

"मग आज तिच्यासाठी म्हणू या," असं म्हणून तिने माझ्यासाठी "नमो मारिया" म्हटलं. स्वतःचं नावही न आठवणाऱ्या बाईने! इतक्या वर्षांत मी माणसांना प्रार्थनेला बोलावलं, पण माझ्यासाठी कोणी प्रार्थना केल्याचं मला आठवत नाही.

ख्रिसमस सरायच्या आतच ती गेली. रोझचा फोन दुपारी आला. मातीला पोचणं शक्य नव्हतं. बाप्टिस्ट मोगरी घेऊन माझ्याकडे आला. विन्स्टन धावत आला, मला वाटलं अडवणार. पण त्याने पाटी काढली, हातोडी काढली, तार कापली आणि बाजूला उभा राहून म्हणाला, "सॉरी यार. मी तुला सोडायला हवं होतं."

बाप्टिस्टने मोगरी उचलली. आमच्या गावात आणि त्याच्या वसईतही मयताचे टोल एकाच रीतीने देतात, संथ, मध्ये थांबून. तसे त्याने दिले. प्रत्येक टोल फुटका. विन्स्टनने कान झाकले.

"राहू दे आता, बाप्टिस्ट. ऐकवत नाही."

"वाजू दे, सर," तो रडत म्हणाला. "शेवटी शेवटी आईचा आवाजही असाच झाला होता."

मित्रांनो, त्यानंतर मला उतरवून इथे स्टोअररूममध्ये ठेवलं आणि मी कधी वाजले नाही. तडा सांधणारे कारागीर आहेत म्हणतात, पण मला तिथवर नेणार कोण? माझं जाऊ द्या. तुमच्या गावात एखादं जुनं देऊळ, एखादी जुनी घंटा असेल, तर तिला हौसेखातर बडवू नका. आणि घरी कोणी तुमची वाट बघत दार उघडत असेल, तर सण सरायची वाट पाहू नका. आधी जा.