छोटं खातं

त्याने अपडेटच्या बटणावर क्लिक केलं तसा पडदा काळवंडला आणि मधोमध चौकोन उघडला. चौकोनात बायकोचं नाव, खाली पासवर्डसाठी रिकामी जागा. तो नावाकडे पाहत राहिला. मग त्याने 'रद्द करा' दाबलं.

"हे रोज करता?" मागून मुलीने विचारलं.

तो दचकला. ती आज येणार हे त्याच्या डोक्यातून गेलंच होतं. बॅग अजून तिच्या खांद्यावर होती.

"कधीमधी," तो म्हणाला.

अपडेट झालं, असं त्याने तिला फोनवर दोनदा सांगितलं होतं. कॉम्प्युटर ज्या सिस्टीमवर चालतो तिच्यातच मोठी फट सापडली होती. त्या फटीतून कुणीही लांबूनच आत शिरून कागद, फोटो, बँकेचं खातं, सगळं उचलू शकत होतं. मुलीची नोकरीच या कामाची, म्हणून ती मागे लागली होती. तिने खुर्ची ओढली, दोन-तीन ठिकाणी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आई आजारी पडल्यापासून एकही दुरुस्ती बसलेली नव्हती.

"आणि यावरून तुम्ही बँकेत जाता?"

"पेन्शन आली का, तेवढं बघतो फक्त."

"चोरसुद्धा आधी नुसतं बघूनच जातो, बाबा."

कॉम्प्युटर बायकोचा. ती घरी टायपिंगची कामं घ्यायची. त्याचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्याने पत्त्यांचा एक फुकट खेळ उतरवून घेतला, त्याच्यासोबत व्हायरस आला आणि तिने टाइप केलेलं एका प्राध्यापकाचं अख्खं पुस्तक गेलं. ती भांडली नाही. तिने त्याला कॉम्प्युटरवरच वेगळं, छोटं खातं काढून दिलं. त्यात सगळं पाहता येई, पण नवीन काही बसवायचं तर तिचा पासवर्ड लागे. स्वतःच्या घरात भाडेकरू झालोय, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. काही अडलं की तिला हाक मारी. ती ओले हात पुसत येई.

मुलीने कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

"पासवर्ड नाही माझ्याकडे," तो म्हणाला.

"माझ्याकडे आहे. आईने दिला होता, हॉस्पिटलात."

तो तिच्याकडे वळला.

"मला नाही दिला."

"तुम्हाला द्यायचा नाही, असंही सांगितलं होतं."

त्याला हसू आलं. हसून झाल्यावर त्याने चष्मा काढला आणि तो सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिला.

मुलीचा आवाज खाली आला. आईचं खातं आता काढून टाकते, म्हणाली. सगळे हक्क तुमच्या नावावर करते, म्हणजे तुमचं कुणावाचून अडायला नको.

"राहू दे," तो म्हणाला. "माझं छोटंच बरं आहे."

रोजच्या वापराला छोटंच खातं ठेवावं, हे ती स्वतः ऑफिसात लोकांना बजावून सांगे. तरी ती म्हणाली,

"मग पासवर्ड तरी घेऊन ठेवा."

"नको. पुन्हा विचारलं की तुला फोन करीन."

"मी कामात असले तर?"

"थांबीन."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आईचं नाव तसंच ठेवून तिने पासवर्ड टाइप केला. दुरुस्त्या बऱ्याच साठल्या होत्या, वेळ लागणार होता. दोघंही जागची उठली नाहीत.