पिवळं कार्ड

प्रफुल आमच्या आरोग्य केंद्रात आला तेव्हा मी नर्सच्या टेबलाशी बसले होते. नऊ वर्षांनी समोर आला, तोही बायकोला, रंजीताला, घेऊन. तो मोहर्लीच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवतो. गाडी आदळली की डाव्या बरगडीखाली दुखतं म्हणाला. नव्या डॉक्टरांनी पोट दाबलं, गाठ लागली. सिकलसेल या रक्ताच्या आजारानं पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली असणार म्हणून गोळ्या लिहून दिल्या. आमच्याकडे काहीही दुखलं की सिकलवर ढकलायचं, ही रीतच आहे. सिकलच्या तपासणीचं कार्ड मागायचे कष्ट कोण घेतो?

मला मागायची गरज नव्हती. त्याचं कार्ड पिवळं, माझंही पिवळं. म्हणजे आजार दोघांनाही नाही, नुसते वाहक. पण आम्ही लग्न केलं तर लेकरांना होण्याची भीती. नऊ वर्षांपूर्वी कार्डं पाहून माझ्या बाबांनी आमच्या लग्नाची बोलणी थांबवली आणि मी शहाण्यासारखी मान डोलावली. त्या शहाणपणाचा मला अजून राग येतो.

"सर, याचं कार्ड पिवळं आहे," मी म्हणाले. "पिवळ्यावाल्याची पानथरी अशी फुगत नाई. सोनोग्राफी करा."

डॉक्टर चिडले, पण चिठ्ठी दिली.

गाठ पानथरीची नव्हतीच. यकृताच्या डाव्या भागातून वाढत ती तिकडे सरकली होती. नागपूरला तुकडा तपासला तर कर्करोग निघाला, लाखात एखाद्या धडधाकट तरुणाला होणारा. प्रफुल दारूला शिवत नाही, कावीळही कधी झाली नाही. पसरलेला नाही, तेवढा भाग कापून काढू, उरलेलं यकृत वाढून भरून येईल, असं सर्जन म्हणाले. ऑपरेशन सात तास चाललं. त्या दिवशी मी गावभरच्या लेकरांना लस टोचली, एकाचंही तोंड आठवत नाही.

तीन महिन्यांनी दोघं भेटायला आले. दर तीन महिन्यांनी स्कॅन करायचं होतं, पण पहिलं स्वच्छ आलं होतं. प्रफुल तपासणीच्या टेबलावर आडवा झाला.

"ताई, गाठ गेली म्हन्ते डॉक्टर," रंजीता म्हणाली. "मले हात लावाचं भेव वाटते. तुमी पाहा ना एकदा."

लग्नाची बोलणी झाली, तरी आम्ही कधी एकमेकांचा हातसुद्धा धरला नव्हता. मी टाक्यांच्या वणाशेजारी तळहात ठेवला. पोट मऊ, ऊबदार होतं. प्रफुल छताकडे पाहत होता. मला तिथंच थांबायचं होतं.

"काईच नाई," मी म्हणाले.

रंजीता रडायला लागली. मी तिचा हात ओढून त्याच जागी ठेवला आणि माझा काढून घेतला.