शेवटच्या अक्षरावरचा हेल

"शेवटच्या अक्षरावर हेल दे की गं!" गावाकडं मंद्रूपला जात्यावर ओवी गाताना तिची आई, अव्वा, सांगायची. तो आवाज गुरम्माच्या कानात अजून होता.

चौऱ्याहत्तर साल, सोलापूरच्या कॉलेजात फ्रेंचची तोंडी परीक्षा. घरी तिनं तिथं टायपिंग शिकते म्हणून सांगितलेलं. पास झाले तरच खरं बोलायचं, असं मनाशी ठरवलेलं.

"पोसीब्ल म्हणजे शक्य. मग अशक्य?" परीक्षक बाईंनी विचारलं.

गुरम्मानं मांडीवर जात्याचा ठेका धरला. "अँ... पो... सीब्ल." शेवट ओवीसारखा लांबवला.

"अगदी बरोबर! फ्रेंचमध्ये जोर शेवटच्या अक्षरावरच येतो. हा हेल कुणी शिकवला गं?"

"जात्यानं, बाई."

बाई खळखळून हसल्या. "पास!"

गुरम्माचा जीव भांड्यात पडला. ती बाहेर आली, तर कॉलेजच्या फाटकाशी तिचे वडील, अप्पा, उभे होते. "झालं का टायपिंग?"

"टायपिंग न्हाई, अप्पा. वर्षभर मी फ्रेंच शिकतीय."