मूठभर मोहरी

कुणाचं मूल गेलं की मास्तर तिथे जाऊन बुद्धाची एक गोष्ट सांगत. मेलेलं बाळ कवटाळून आलेल्या आईला बुद्ध म्हणाले, जिथे कुणीच मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, मी याला जिवंत करतो. तसं घर तिला मिळालंच नाही.

"घरोघरी मातीच्या चुली, बाई," मास्तर समजावत.

आज त्यांचीच लेक तापाने गेली. शेजारची नवी सून मूठ आवळून धावत आली.

"मास्तर, आमचं घर नवंकोरं, तिथे अजून कुणीच मेलेलं नाही. ही घ्या मोहरी!"

"अगं, अक्कल गहाण टाकलीस का?" बायका तिच्यावर खेकसल्या.

जन्मभर जगाला शहाणं करणाऱ्या मास्तरांनी मात्र ती मोहरी घेतली, लेकीच्या गार तळहातावर ठेवली, आणि ते तिच्या तोंडाकडे बघत बसले.