रंभीच्या गळ्यातली घंटी

पालीच्या धरणकाठी भिवराबाईचा आवाज उठला, की पाण्यातले बगळेसुद्धा मान वर करायचे.

"ए रंभे, मेले! कुणाच्या कडवळात तोंड घालती गं!"

शेळ्या बावीस आणि शिव्या चव्वेचाळीस, असं गाव म्हणायचं. पण दिवस कलला की त्याच आवाजामागं बावीसच्या बावीस घरी यायच्या. एकही मागं राहायची नाही.

त्या दिवशी चर्चचे जीवन पाळक मोटारसायकल लावून बांधावर येऊन बसले. पालीतली सात ख्रिस्ती घरं दर रविवारी पत्र्याच्या खोलीत प्रार्थनेला जमायची. पाळकांकडं आता आणखी तीन गावं आली होती. पालीच्या वाट्याला महिन्यातला एकच रविवार उरला होता.

"बाकीच्या रविवारी कुणीतरी पुढं उभं राहून प्रार्थना चालवायला पाहिजे, मावशी. न्हाईतर उपासना बंद पडंल. आठ दिवस देवाला विचारतोय. तुमचंच नाव मनात येतंय."

भिवराबाई हसली. "देवाचा घोळ झाला आसंल, पाळकसाहेब. शेजारचा निरोप माझ्या घरी आला."

"गीतं तर सगळी तुमालाच पाठ हायेत."

"पाठ हायेत वो. पण तोंड कुठलं?" तिचं हसू मावळलं. "न्हाई. मला न्हाई जमायचं."

तीन वर्षांमागं रंभी त्याच सात घरांतल्या बायडाबाईच्या कडवळाच्या हिरव्या चाऱ्यात शिरली होती. बायडाबाईनं धोंडा मारला आणि रंभीचा पाय मोडला. तेव्हा भिवराबाई भर गल्लीत ओरडली होती, "तुझ्या धन्याची तिरडी उठंल!" चार महिन्यांनी खरंच उठली. तेव्हापासून भिवराबाई प्रार्थनेच्या खोलीत दाराशी बसायची. प्रभुभोजनाचं, भाकरी-द्राक्षरसाचं ताट पुढं आलं की काही न घेता पदर सावरत खाली बघायची. कशाला, हे कुणी विचारलं नाही. बायडाबाईला विचारायची गरज नव्हती.

दिवस कलताना तीच बायडाबाई कडवळाची पेंढी डोक्यावर घेऊन धरणावर आली. तीन वर्षांत पहिल्यांदा बोलली.

"न्हाई म्हणलीस म्हणं?"

"बायडा, ज्या तोंडानं तुझ्या धन्याला..."

बायडाबाईनं पेंढी खाली टाकली आणि शेजारी बसली.

"तुझ्या तोंडात एवढा जोर आसता, तर ही रंभी हजारदा मेली आसती. त्येंचं काळीज कमजोर होतं, भिवरे. डाक्टरनं आदीच सांगितलं होतं." मग हळूच म्हणाली, "मी तुला सांगितलं न्हाई. तू दाराशी बसून वाळत होतीस, मला बरं वाटत होतं. ते माझं पाप."

कुणी कुणाचे डोळे पुसले नाहीत, पदर मात्र दोघींचे ओले झाले.

तेवढ्यात घंटी वाजली. लंगडत लंगडत रंभी पेंढीपर्यंत पोचली होती.

"ह्या चोरटीच्याच गळ्यात घंटी कशाला बांधलीस गं?"

"हीच पुढं जाती. बाकीच्या हिच्या मागं येत्यात. आन् चुकली तर आवाजावर सापडती, म्हणून तर..."

बोलता बोलता भिवराबाई थांबली. बायडाबाईनं पेंढीचा बंध सोडला आणि कडवळ रंभीपुढं पसरलं.

रविवारी भिवराबाई दाराशी बसली नाही. पुढं जाऊन उभी राहिली.

"देवा बापा, आमी सात घरं. कोण कसं हाय तुला ठाऊक हाय. माझं तर सगळ्या धरणाला ठाऊक हाय." मागं कुणीतरी खुदकन हसलं. "तरी तू मलाच हाक मारलीस. का, ते तुझं तुला ठाऊक. मी आले. आता आमा सगळ्यांना..."

दारात घंटी वाजली. रंभीनं मान आत घातली आणि गीतांच्या पुस्तकाचा कोपरा तोंडात धरला.

"ए मेले, निघ तिकडं!"

भिवराबाईनं तोंडावर हात दाबला. डोळ्यांत पाणी तरळलं.

तेव्हा पुढच्या चटईवरून, डोळे मिटलेलेच ठेवून, बायडाबाई ठणठणीत आवाजात म्हणाली,

"आमेन."

आणि हसू आवरत सातही घरं तिच्यामागं म्हणाली.