कललेली खिडकी

"वाक. अजून थोडी. हात खाली सोड, अगदी सैल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मुलगी वाकली. तिच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या बापाने, म्हणजे फोटोग्राफरने, एकदा पाहिलं आणि नजर काढून भिंतीवरच्या घड्याळाकडे नेली. पातळ बनियनखाली पाठीची उजवी बाजू वर आली होती, डावी खालीच राहिली होती. आंधळ्यालाही कळावं इतकं ते उघड होतं. पण ते लक्षात आलं शाळेतल्या खेळाच्या बाईंच्या, आणि ह्याचा तर धंदाच माणसांकडे बघण्याचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"स्कोलिओसिस," डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यावर लावला. "कणा बाजूला वळलाय. सध्या बत्तीस अंश. हिची उंची अजून वाढतेय, तोवर हा बाकही वाढू शकतो. म्हणून ब्रेस घालायचा. आंघोळ आणि खेळ सोडून दिवसभर, झोपतानासुद्धा. चार महिन्यांनी परत एक्स-रे काढू. फार पुढे गेला तर मात्र ऑपरेशनचं बोलावं लागेल."

ऑपरेशन हा शब्द ऐकताच फोटोग्राफरने घड्याळावरची नजर एक्स-रेकडे वळवली. बायकोने पर्स उगाचच उघडली आणि मिटली.

"दप्तरामुळे झालं असेल का हो? आणि ही मोबाइल घेऊन कशीही लोळते," ती म्हणाली.

"नाही. ह्यात कुणाचीच चूक नाही. आणि उठताबसता 'सरळ बस, सरळ बस' म्हणू नका. त्याने हा बाक जात नाही, मूल तेवढं कंटाळतं." बाई लिहिता लिहिता थांबल्या. "जुने फोटो असले तर पुढच्या वेळी आणा. मोजमाप एक्स-रेवरच होतं, पण साधारण कधीपासून आहे त्याचा अंदाज येतो."

"फोटोंना काय तोटा! ह्यांचा स्टुडिओच आहे," बायको म्हणाली. त्या दिवसात ती पहिल्यांदाच जरा हसली.

फोटोग्राफर हसला नाही. 'सरळ बसा' हे दोन शब्द त्याने आयुष्यात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारले होते. पासपोर्टचा फोटो असो की नोकरीच्या अर्जाचा, गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की हा पुढे होई, दोन बोटांनी खांदा दाबी, हनुवटी उचली, आणि मगच कॅमेऱ्यामागे जाई. गल्लीतली पोरं त्याला हनुवटीकाका म्हणत. एवढं करूनही कुणी वाकडं आलंच, तर कंप्युटरवर फोटो किंचित फिरवून तो दोन्ही खांदे एका रेषेत आणून ठेवी. 'तुमच्याकडे फोटो काढला की माणूस माणसात येतो,' असं गिऱ्हाइकं म्हणत आणि तो खूश होई.

ब्रेस आला. पांढऱ्या कडक प्लास्टिकचं कवच, मागच्या बाजूला तीन पट्टे. पट्टे कुठवर ओढायचे त्याच्या खुणा ब्रेसवाल्याने पेनाने करून दिल्या होत्या. पहिल्या रात्री मुलगी रडली, दुसऱ्या रात्री रागावली, तिसऱ्या रात्रीपासून तिने बोलणंच कमी केलं. घरात तिला बुटकी म्हणत. लहानपणी पडलेलं नाव. आता ती आईच्याही वर गेली होती तरी ते सुटलं नव्हतं. ह्या वाढलेल्या उंचीचं दोन वर्षं घरात केवढं कौतुक झालं होतं! आता मात्र ती दारातून आत आली की तिचं डोकं चौकटीच्या किती जवळ आलं ते बाप नजरेने मोजी. वाढू नकोस गं, जरा थांब, असं त्याच्या मनात येई, आणि मग असं मनात आल्याचीच लाज वाटे.

त्याचे कान त्या पट्ट्यांना चिकटले होते. पट्टा सुटताना चर्रर्र असा आवाज होई. भिंतीपलीकडून तो आला की हा हातातलं काम टाकी. आंघोळीला काढला असेल? की असाच? विचारावं तर ती चिडे, न विचारावं तर ह्याचा जीव टांगणीला.

"दारावर कान लावून किती उभे राहणार?" बायको म्हणे. "विचारा तरी, नाहीतर जा तरी."

फोटो शोधायचं काम तो आज-उद्या करत राहिला. एक्स-रे आठवड्यावर आला तेव्हा कुठे एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, त्याने कंप्युटरवर मुलीचे फोटो उघडले. दर वाढदिवसाला तो तिचा एक फोटो स्टुडिओच्या एकाच कोपऱ्यात काढी. मागे निळी भिंत आणि लाकडी चौकटीची खिडकी. पहिल्यापासूनचे सगळे त्याने ओळीने लावले. एकाही फोटोत खांदा खालीवर नव्हता. त्याला क्षणभर बरंच वाटलं. म्हणजे अगदी अलीकडचं दिसतंय, फार नाही वाढलेलं.

"बाबा, खिडकी अशी का दिसतेय?"

ती शाळेतून येऊन मागे केव्हा उभी राहिली ते त्याला कळलंच नव्हतं.

"कशी?"

"ही बघ. तेराव्या वाढदिवसाची. चौदाव्याची तर पडेल असं वाटतंय."

त्याने पाहिलं. बाराव्या वर्षापर्यंत खिडकी ताठ उभी होती. तेराव्याला ती जराशी कलली होती, चौदाव्याला चांगलीच. मुलगी मात्र प्रत्येक फोटोत सरळ. स्टुलावर बसवून त्यानेच खांदा दाबला होता, तरी जे उरलं ते फोटो फिरवून घालवलं होतं. मुलगी सरळ झाली आणि सगळी भिंत वाकडी झाली, आणि हे त्याने स्वतःच्या हाताने कापून, चौकटीत घालून घरात टांगलं होतं.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"नाही गं. खरंच नाही. हात आपोआप जातो. येणाऱ्या प्रत्येकाला मी तसंच..."

"मी गिऱ्हाईक आहे?"

तिने शर्टाखाली हात घातला. चर्रर्र, चर्रर्र, चर्रर्र. ब्रेस काढून तिने स्टुलावर ठेवला.

"तुला मी सरळच पाहिजे ना? मग कर कंप्युटरवर. हा कशाला घालायचा?"

ती गेली. ब्रेस स्टुलावर तसाच राहिला, आणि त्यानंतर पासपोर्टच्या फोटोला आलेल्या माणसाने "हे काय, चिलखत का?" म्हणून विचारलं. फोटोग्राफरने त्याचा फोटो काढला, पण हनुवटी उचलायला गेला नाही. तो माणूस स्वतःच उचलून बसला होता.

ती रात्र तिने ब्रेसशिवाय काढली, पुढची दुपारही. आईने समजावलं, धमकावलं, शेवटी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. "तुम्ही बोला काहीतरी," तिने नवऱ्याला सांगितलं. "तुमच्यावर रागावलीय ती, माझ्यावर नाही."

बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य 'हलू नका' आणि 'झालं' ह्या दोहोंच्या मध्ये गेलेलं. तो स्टुडिओत गेला आणि मूळ फोटो शोधून काढले, न फिरवलेले. हार्ड डिस्कवर सगळे पडून होते, तो काही टाकत नसे. त्याने शेवटचे चार छापले. छापताना एक कागद उलटा घातला गेला आणि वाया गेला. मग त्याने ब्रेस उचलला आणि घरी येऊन दोन्ही गोष्टी तिच्या पलंगावर ठेवल्या.

"हे डॉक्टरांना द्यायचेत," तो म्हणाला. "पण आधी तू बघ. मी पण आत्ताच पाहिले."

तिने फोटो हातात घेतले. पहिल्या दोनांवर नजर थांबली नाही. तिसऱ्यावर थांबली. चौथा तिने बराच वेळ धरला. त्यात खिडकी ताठ होती आणि तिच्यापुढे एक मुलगी उजवा खांदा वर करून हसत बसली होती.

"एका वर्षात एवढं?" तिने तिसरा आणि चौथा शेजारी शेजारी धरले.

"हो."

"अजून वाढेल?"

'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. खांदा दाबावा तसा तो सहज निघाला असता.

"माहीत नाही बाळा," तो म्हणाला. "मला फार भीती वाटते. दिवसभर वाटते."

तिने त्याच्याकडे पाहिलं. बापाला भीती वाटते हे तिला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. "मला वाटलं, मलाच," ती म्हणाली. मग पलंगावरचा ब्रेस तिने मांडीवर ओढून घेतला. आई दारापर्यंत आली आणि परत गेली.

एक्स-रेच्या आदल्या दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस होता. ह्या वर्षी फोटोचा विषय त्याने काढला नाही. संध्याकाळी तो स्टुडिओचं शटर ओढायला उठला तेव्हा ती दारात उभी होती, धुतलेले केस मोकळे, हातात पिशवी, शर्टाखाली ब्रेस नव्हता. आंघोळीची तेवढीच सुट्टी. "लवकर काढ," ती म्हणाली. "परत घालायचाय."

ती निळ्या भिंतीपाशी जाऊन स्टुलावर बसली. तो सवयीने पुढे झाला, दोन बोटं उचलली गेली. तिने ती येताना पाहिली आणि खांदा आपणहून खाली दाबला, जसा ती लहानपणापासून दाबत आली होती.

बोटं हवेतच थांबली. त्याने हात खिशात घातला.

"सोड तो," तो म्हणाला. "आहे तसा असू दे."

"वाकडा येईल."

"येऊ दे."

तिने श्वास सोडला, त्याबरोबर खांदा आपल्या जागी वर गेला. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. काच धूसर झाली म्हणून शर्टाच्या टोकाने ती पुसली, पण धूसर काच नव्हती. मग तसंच बटण दाबलं.

कंप्युटरवर फोटो आला तेव्हा ती त्याच्या खुर्चीमागे उभी होती. त्याने काहीही फिरवलं नाही. छापलेला कागद बाहेर आला तसा तिने तो उचलला.

"खिडकी सरळ आली," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी?"

"डोळे छान आलेत. खांदा वर आहे."

तिने मान हलवली. मग पिशवीतून ब्रेस काढला, शर्ट वर सारून बनियनवरून अंगात चढवला आणि त्याच्याकडे पाठ केली. आजवर हे काम आईचं होतं.

"ओढ," ती म्हणाली. "खुणेपर्यंत. मी ओरडले तरी."

त्याने पट्टे हातात घेतले. ती ओरडली नाही.